टेकडीवर थांबलेला टँकर

कॉलेजात मी गेलोय तो फक्त जिमच्या दारातून.
पुढच्या इमारतींत काय शिकवतात, मला विचारू नका.
मला विचारा, अठ्ठ्याऐंशीच्या हिवाळ्यात
शेवटच्या नऊ सेकंदांत चेंडू कुणाच्या हातात होता.
मला विचारा, लाकडी जमिनीच्या कुठल्या कोपऱ्यात
चेंडू मेल्यासारखा उसळतो.
पाहुण्यांना ते ठाऊक नसायचं.
आमच्या पोरी त्यांना बरोब्बर तिकडेच रेटायच्या.

शनिवारी मात्र माझी रात्रपाळी.
दुधाचा टँकर, अकरा गोठे, उणे एकोणीस तापमान,
आणि रेडिओवर लायल प्रुइट,
जो आठवडाभर बर्फाची फावडी विकतो
आणि शनिवारी घसा फाटेस्तोवर सामना सांगतो.
दुसऱ्या संघाच्या मुलींची नावं त्याला कधीच नीट येत नाहीत.
आमच्यांची मात्र आजोळासकट पाठ.

दफनभूमीजवळच्या टेकडीपलीकडे रेडिओ खरखरतो.
म्हणून शेवटची दोन मिनिटं मी तिथेच थांबतो,
इंजिन चालू ठेवून, खिडकी बोटभर उघडी ठेवून.
तिथे पुरलेल्यांतले निम्मे सीझन तिकीटवाले होते.
त्यांनाही कळू दे.

त्या रात्री आम्ही एका गुणाने मागे.
तीन सेकंद. दोन फ्री थ्रो.
रेषेवर चौदा नंबर, ब्रिता ओल्सटाड,
माझ्या नवव्या गोठ्याची मुलगी.
ती नऊ वर्षांची असल्यापासून पाहतोय तिला,
बापाने गोठ्याच्या भिंतीवर ठोकलेली रिंग,
आणि जाळी म्हणून चाऱ्याच्या गाठोड्याची सुतळी.

लायल गप्प झाला.
लायल गप्प होतो तेव्हा पोटात गोळा येतो.
मग रिंगवर चेंडू आपटल्याचा आवाज,
तो मला ऐकू आला, शपथेवर सांगतो,
पन्नास किलोमीटरवरून.
आणि परत एकदा तसाच.

मी खिडकी वर केली.
उगाच.
जणू तेवढ्याने खालच्यांना कळणार नव्हतं.

चार वाजता ओल्सटाडच्या अंगणात शिरलो
तर गोठ्यात दिवा, आणि गमबूट घातलेली ब्रिता.
अडीच तास गाडी चालवून आली होती रात्रीची,
बापाच्या आधी उठून गाई पिळायला.
आयनार नेहमीसारखा भिंतीशी उभा,
काही न बोलणं ही त्याची मातृभाषा.

मी पाइप जोडला. दुधाचं तापमान लिहिलं.
कागदावर आकडा दोनदा खोडला.
ती म्हणाली, "ऐकलंत?"
मी म्हणालो, "टेकडीवर रेडिओ गेला गं. ऐन वेळी."
तिने कासेवरचा हात न थांबवता म्हटलं,
"टेकडीवर कधीच जात नाही.
तुम्ही तिथे थांबता, ते अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

गाईने शेपटी हाणली.
आयनार खोकला, किंवा हसला,
त्याच्या बाबतीत फरक कळत नाही.

टँकर वळवताना आरशात पाहिलं.
ती बाहेर आली होती, एप्रनवरच,
थंडीने दगड झालेला चेंडू घेऊन,
जो आपटला तर उसळणार नव्हता.
बर्फात टाचेने रेघ ओढली.
वाफेत तिचा चेहरा दिसेना.

पहिला गेला की नाही, मी पाहिलं नाही.
घाटावरच्या वळणाला आरसा पुरत नाही.
डेअरीत सव्वीस मिनिटं उशीर,
मुकादमाने कारण विचारलं, मी लिहिलं: रस्त्यावर बर्फ.

पुढचा शनिवार घरच्या मैदानावर आहे.
चाळीस वर्षांत पहिल्यांदाच
मी पाळी बदलून मागितली.
तिसरी रांग, रेषेच्या अगदी समोर.
थर्मासमध्ये कॉफी,
आणि खिशात, का कोण जाणे,
सुतळीचा एक तुकडा.